हाताला आवडणारी वस्तू

मुलांनो, तुमच्या घरात पाणी प्यायचे किती पेले आहेत, ते एकदा मोजून पाहा. आठ-दहा तरी असतील. पण तहान लागली, की तुमचा हात त्यांतल्या एकाच पेल्याकडे जातो. तो पेला बहिणीने आधी उचलला, तर भांडणही होते. अम्मी म्हणते, "सगळे पेले सारखेच तर आहेत!" पण ते सारखे नसतात. एकाची कड ओठाला टोचते. एकाचे बूड डगमगते. एक भरला, की हातातून निसटू लागतो. आणि तो एक मात्र हातात नीट बसतो. का बसतो, हे तुम्हांला सांगता येत नाही. तुमच्या हाताला मात्र ते कळते.

पेनाचेही तसेच आहे. परीक्षेच्या दिवशी तुम्ही कोणते पेन नेता? जे सर्वांत महाग आहे ते नव्हे. जे सवयीचे आहे, न अडखळता चालते आणि तीन तास लिहूनही बोटे दुखू देत नाही, ते नेता. असे पेन मित्राने मागितले, तर आपण जरा विचार करतो.

याच्या उलट अनुभवही सर्वांना असतो. माझ्याकडे चहाची एक किटली होती. दिसायला फार सुंदर! चकचकीत आणि गोल. पण तिची मूठ धातूचीच होती. चहा उकळला, की मूठही तापायची. फडके गुंडाळल्याशिवाय किटली उचलता येत नसे, आणि चहा ओतताना निम्मा बशीत सांडे. जिने ती दुकानात मांडली असेल, तिच्यासाठी ती चांगली वस्तू होती. माझ्यासाठी नव्हती. शेवटी मी तिच्यात कोथिंबीर लावली.

तर वस्तू नुसती उपयोगी असून भागत नाही. ती वापरावीशी वाटली पाहिजे, जवळ ठेवावीशी वाटली पाहिजे. अशी वस्तू आपोआप तयार होत नाही. कोणीतरी आधी तिचा विचार करतो. तिचा आकार, वजन, मूठ, झाकण, आवाज, किंमत या सगळ्यांचा मेळ घालतो. या विचाराला वस्तूची रचना किंवा डिझाइन असे म्हणतात. आज मी तुम्हांला अशा रचनेची एक गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या महाराष्ट्रातल्या वर्धा जिल्ह्यातली आहे. पण वर्ध्याला जाण्यापूर्वी थोडा वेळ लोट्याजवळ थांबू.

होय, लोटाच! चार्ल्स ईम्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतले पती-पत्नी खुर्च्या व इतर वस्तूंचे नामवंत रचनाकार होते. भारत सरकारच्या सांगण्यावरून ते आपल्या देशात हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल लिहिला. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. देशभर इतक्या सुंदर वस्तू पाहूनही त्यांना सर्वांत आवडला तो घराघरांत दिसणारा साधा लोटा. लोटा घडवायचा, तर किती प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील, याची त्यांनी एक यादीच केली. त्यात पाणी किती मावावे? तो डोक्यावरून न्यायचा, कमरेवरून की हातातून? भरलेला असताना त्याचा तोल कसा राहील? रिकामा झाल्यावर कसा राहील? आतून घासता येईल का? तो दुसऱ्या भांड्यावर आपटला, तर आवाज कसा येईल? डोळे मिटून हात फिरवला, तर कसे वाटेल? आणि शेवटी त्यांनी विचारले, तो आपल्या मालकीचा असणे कसे वाटते, दुसऱ्याला देताना कसे वाटते?

लोटा कोणा एकाने बनवलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तो वापरत गेले, कासार-तांबट तो थोडाथोडा बदलत गेले. वजूसाठी तुमच्या घरी तोटीचा लोटा असेल, तर तो नीट पाहा. एका हाताने धरून दुसऱ्या हातावर बारीक धार सोडता यावी, पाणी वाया जाऊ नये, म्हणून तोटी किती उंचीवर लावली आहे! ती थोडी खाली असती, तर लोटा पूर्ण भरताच आला नसता.

आता वर्ध्याला जाऊ.

वर्धा जिल्हा विदर्भात आहे. तिथली काळी जमीन कापसासाठी नावाजलेली. हिंगणघाटचा कापूस पूर्वी परदेशातही माहीत होता. जिथे कापूस, तिथे सूत; आणि सूत म्हटले, की चरखा आलाच. 'चरखा' हा शब्द तुम्हांला परका वाटायला नको. तो फारसीतील 'चर्ख' या शब्दावरून आला आहे. चर्ख म्हणजे चाक. उर्दू शायरीत आकाशालाही चर्ख म्हणतात, कारण ते आपल्याभोवती फिरते असे दिसते. मराठीतही 'हुन्नर', 'कारागीर' हे शब्द तुमच्या 'हुनर' आणि 'कारीगर' यांचेच भाऊ आहेत.

चरख्याची काही नावे आधी समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट सोपी जाईल. कापूस पिंजून त्याची बोटाएवढी जाड, मऊ वळी करतात. तिला पेळू म्हणतात. लोखंडाची टोकदार, सुईसारखी लांब काडी असते, ती चात. चाक आणि चात यांना जोडणारी दोरी म्हणजे माळ. उजव्या हाताने चाक फिरवायचे, की माळेमुळे चात गरगर फिरते. डाव्या हातातला पेळू हळूहळू मागे ओढायचा. चातीच्या फिरण्याने तंतूंना पीळ बसतो आणि सूत तयार होते. मग चाक किंचित उलटे फिरवून ते सूत चातीवर गुंडाळायचे. ऐकायला सोपे आहे. करून पाहिले, तर पहिल्या दिवशी सूत दर वीतभर अंतरावर तुटते!

जुना चरखा घरात ठेवायला मोठा होता. चाक जितके मोठे, तितके चातीचे फेरे जास्त. म्हणून चाक मोठे ठेवावेच लागे. तो अंगणात किंवा ओसरीवर एकाच जागी राही. प्रवासाला निघालेल्या माणसाने तो कसा न्यायचा? चाक जड असेल, तर खांदा भरून येई. माळ ढिली पडली, की चात अडखळे आणि सूत तुटे. कातणाऱ्या बाईचा निम्मा वेळ सूत जोडण्यातच जाई.

महात्मा गांधींनी खादीचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांना हा प्रश्न जाणवू लागला. लाखो लोकांनी रोज कातावे असे वाटत असेल, तर चरखा लोकांना नकोसा वाटून कसा चालेल? म्हणून १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने एक जाहिरात दिली. चांगला चरखा तयार करणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस! त्या काळी एक लाख म्हणजे केवढी मोठी रक्कम, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

बक्षिसापेक्षा मला त्याच्या अटी जास्त महत्त्वाच्या वाटतात. चरखा हलका असावा, सहज उचलून नेता यावा. खेड्यातल्या साध्या झोपडीत तो हाताने किंवा पायाने चालवता यावा. सर्वसाधारण स्त्रीला त्यावर आठ तास काम करता यावे आणि ती फार थकू नये. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावे, तेही बारा ते वीस अंकांचे. (अंक म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप. अंक मोठा, तर सूत बारीक.) चरख्याची किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नसावी. वेळच्या वेळी दुरुस्ती केली, तर तो वीस वर्षे चालावा. आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा पाचहून अधिक नसावा.

हिशेब करून पाहा. आठ तासांत सोळा हजार फूट, म्हणजे तासाला दोन हजार फूट, मिनिटाला तेहतीस फुटांहून जास्त. आणि दीडशे रुपयांचे शेकडा पाच, म्हणजे वर्षाला साडेसात रुपये. एवढ्यातच दुरुस्ती भागली पाहिजे.

या अटी पुन्हा एकदा वाचा. यंत्र कोणत्या लाकडाचे असावे, त्याला किती चाके असावीत, यातले त्यांत काहीच नाही. सगळ्या अटी माणसाच्या बाजूने आहेत. ते यंत्र कोण चालवणार, ती किती दमणार, ते मोडले तर तिला किती पैसे पडणार, हेच विचारले आहे. आज रचनेचे शिक्षण देणाऱ्या मोठमोठ्या संस्थांत विद्यार्थ्यांना पहिला धडा हाच देतात. १९२९ मध्ये तो एका जाहिरातीत छापून आला होता.

अनेकांनी प्रयत्न केले. पण सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारे यंत्र कोणालाच करता आले नाही, आणि ते बक्षीस तसेच राहिले. सूत भरपूर काढायचे, तर यंत्र मोठे आणि गुंतागुंतीचे होई. ते हलके आणि स्वस्त ठेवायचे, तर सूत कमी निघे. एक गोष्ट साधली, की दुसरी हातातून जाई. रचनेचे सगळे दुखणे इथेच असते.

बक्षीस कोणाला मिळाले नाही. पण चरखा मात्र बदलला, आणि तोही तुरुंगात.

१९३० पासून पुढची काही वर्षे गांधीजींना पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगात बराच काळ राहावे लागले. तिथे त्यांच्याकडे वेळ होता आणि समोर चरखा होता. रोज कातणाऱ्या माणसाला चरख्याची जी जी खोड जाणवते, ती त्यांना जाणवे. त्यांच्या आणि त्यांच्या सहकारी कारागिरांच्या प्रयोगांतून एक नवा चरखा तयार झाला. त्याला 'येरवडा चक्र' असे नाव पडले. लोक त्याला पेटीचरखा म्हणतात.

मी तो पहिल्यांदा पाहिला वर्ध्यातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरी. त्यांनी फळीवरून एक चपटी लाकडी पेटी काढली. मला वाटले, हिच्यात जुनी कागदपत्रे असतील. त्यांनी खालच्या कडीला हात लावला आणि पेटी पुस्तकासारखी उघडली. आत दोन चाके आडवी बसवलेली होती, एक मोठे आणि एक लहान. चाती एका कप्प्यात ओळीने ठेवलेल्या. चाक फिरवायची मूठ दुसऱ्या जागी. सूत गुंडाळायचा फाळकाही मोडून आतच ठेवलेला. एकही वस्तू इकडे तिकडे हलत नव्हती. प्रत्येकीला तिच्या मापाची जागा होती. त्यांनी मूठ लावली, चात बसवली, आणि मिनिटभरात चरखा सुरू झाला. त्याचा आवाज अगदी बारीक होता. भुंगा लांबून गुणगुणावा तसा.

मोठे चाक नसताना या चरख्याची चात इतक्या वेगाने कशी फिरते? यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या चाकाची माळ थेट चातीकडे जात नाही. ती आधी लहान चाकाच्या आसावर बसवलेल्या एका कप्पीवर जाते. समजा, मोठे चाक एकदा फिरले, की ती कप्पी आठ वेळा फिरते. कप्पी आणि लहान चाक एकत्र जोडलेले आहेत, म्हणून लहान चाकही आठ वेळा फिरले. आता लहान चाकावरून दुसरी माळ चातीकडे जाते. चात बारीक आहे, म्हणून समजा, लहान चाकाच्या एका फेऱ्यात ती दहा वेळा फिरते. मग हाताच्या एका फेऱ्यात चात किती वेळा फिरली? आठ गुणिले दहा, म्हणजे ऐंशी वेळा! एक भलेमोठे चाक जे काम करत होते, ते दोन लहान चाकांनी मिळून केले. आणि लहान चाके पेटीत मावतात.

दुसरी युक्ती आहे माळेची. माळ ढिली पडली, की सूत तुटते, हे वर सांगितलेच आहे. पेटीचरख्यात एक स्प्रिंग माळेला सतत हलकासा ताण देत राहते. त्यामुळे हाताला झटके बसत नाहीत. चाक एका लयीत फिरते. कातणाऱ्याच्या बोटांना पेळूतून तंतू सुटताना जाणवतो, पीळ किती बसला तेही कळते. ज्यांना कातण्याची गोडी लागते, ते या जाणिवेसाठीच कातत बसतात. मी ज्यांच्याकडे गेलो होतो, ते गृहस्थ माझ्याशी बोलता बोलता अर्धा तास कातत होते. त्यांचे सूत एकदाही तुटले नाही, आणि त्यांनी चरख्याकडे फारसे पाहिलेही नाही.

पेटीचरखा दोन मापांत मिळतो. लहान माप एखाद्या जाड पुस्तकाएवढे असते, मोठे माप छोट्या सुटकेसीएवढे. आगगाडीत बसून, मांडीसमोर ठेवून, तुरुंगातल्या कोठडीत, सभेच्या मंडपात, कुठेही तो उघडता येतो. स्वातंत्र्याच्या चळवळीत माणसे सतत गावोगाव हिंडत असत, पकडली जात असत. अशा माणसांना घरी ठेवायचा चरखा काय कामाचा? त्यांच्या जगण्याला शोभेल असा चरखा त्यांना मिळाला, आणि म्हणून त्यांनी तो सोडला नाही.

या चरख्यात दोष नाहीत असे मात्र समजू नका. हात एकाच बाजूने फिरवावा लागतो, म्हणून कोपर आणि खांदा दुखू शकतो. खुद्द गांधीजींना कोपराचे दुखणे झाले, तेव्हा त्यांनी पायाने चालणारा 'मगन चरखा' वापरला. तो प्रभुदास गांधी यांनी तयार केला होता. त्यात पायाने चाक फिरवायचे आणि दोन्ही हातांनी दोन चातींवर कातायचे. पुढे १९५० नंतर तमिळनाडूतील एकांबरनाथन यांचा 'अंबर चरखा' आला. त्याला जास्त चात्या असतात आणि त्यावर सूतही कितीतरी जास्त निघते. मजुरी मिळवायची, तर अंबर चरखाच बरा. पण तो काखेत मारून कोणी प्रवासाला निघत नाही. कोणती वस्तू चांगली, हे ती कोणाला आणि कशासाठी हवी आहे, त्यावर ठरते.

वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती आपण वापरून पाहावी, हे वर्ध्याच्या लोकांचे एक वैशिष्ट्य होते. वर्ध्याजवळ नालवाडी नावाची वस्ती आहे. तिथे विनोबा भावे राहत होते. कातून पोट भरते का, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी त्यावर व्याख्यान दिले नाही. १९३५ च्या सुमारास ते स्वतः रोज आठ-आठ तास कातायला बसले आणि तेवढ्या मजुरीत भागते का, ते पाहू लागले. आठ तास कातणाऱ्या बाईची पाठ कुठे दुखते, हे अशा माणसाला विचारावे लागत नाही.

वर्धा शहरात मगनवाडी आहे. ही जागा जमनालाल बजाज यांनी दिली. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम मगनवाडीतून चालू लागले. जे. सी. कुमारप्पा हे अर्थशास्त्रज्ञ त्याचे चिटणीस होते. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, साबण, मातीची भांडी असे अनेक प्रयोग तिथे झाले. त्यांतली दोन उदाहरणे सांगतो.

पहिले 'मगन दीप'. हा वनस्पती तेलावर चालणारा कंदील. रॉकेल बाहेरून विकत आणावे लागे. तेल गावच्या घाणीवर मिळे. मग कंदिलात रॉकेलऐवजी तेल घातले की झाले, असे तुम्हांला वाटेल. पण तसे होत नाही. रॉकेल पातळ असते, ते वातीतून भराभर वर चढते. तेल दाट असते. टाकी खाली आणि ज्योत बरीच वर असेल, तर तेल तिथपर्यंत पोहोचत नाही आणि वातच जळू लागते. म्हणून तेलाच्या दिव्यात तेल ज्योतीच्या अगदी जवळ ठेवावे लागते. आपल्या जुन्या पणतीत तेल वातीला लागूनच असते, ते याचमुळे. कुंभाराला हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. वाऱ्याने विझू नये, हातात धरून नेता यावा आणि तरीही तेल ज्योतीजवळ राहावे, असा कंदील घडवणे हे खरे काम होते.

दुसरे उदाहरण 'मगन चूल'. १९४० च्या दशकात मगनवाडीत ही बिनधुराची चूल तयार झाली. धूर नळीवाटे छपरातून बाहेर जाई. चुलीच्या धुराने आपल्या आजी-नानींचे डोळे किती चुरचुरले असतील, ते त्यांनाच विचारा. धूर घरात राहू नये, हा विचार किती मोलाचा! पुढे १९८० च्या दशकात सरकारने देशभर सुधारित चुली बसवण्याचा कार्यक्रम घेतला. लाखो चुली बसवल्या. २००२ मध्ये तो कार्यक्रम थांबला. कारण पुष्कळ घरांत बायकांनी त्या चुली मोडून टाकल्या किंवा तशाच सोडून दिल्या.

बायकांना धूर आवडत होता का? मुळीच नाही. पण नव्या चुलीचे तोंड लहान होते. त्यात घालायला लाकडे बारीक फोडावी लागत, आणि तो कष्ट बाईच्याच वाट्याला येई. मोठे पातेले चुलीवर नीट बसत नसे. भाकरी तव्यावरून काढून विस्तवाला लावून फुगवायची, तर जागा नसे. नळीत काजळी साचली, की धूर पुन्हा घरात येई. आणि नळी साफ कशी करायची, हे कोणी दाखवले नव्हते. कागदावर चूल उत्तम होती. फक्त भाकरी कशी करतात, हे पुष्कळ ठिकाणी स्वयंपाक करणारीला कोणी विचारलेच नाही. मला वाटते, त्या मोडलेल्या चुलींतूनही रचनेचा धडा मिळतो, आणि तो चांगल्या वस्तूंतून मिळणाऱ्या धड्यापेक्षा कमी नाही.

वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ पासून गांधीजी तिथे राहू लागले. त्यांची 'बापू कुटी' आजही पाहायला मिळते. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड आणि वर कवेलूंचे छप्पर. तुम्ही गेलात, तर दोन गोष्टी मुद्दाम पाहा. एक म्हणजे साप पकडण्याचा लाकडी चिमटा. आश्रमाच्या शेतात साप फार. पण साप मारायचा नाही, असा तिथला नियम. मग सापाला इजा न होता आणि धरणाऱ्याचा हातही दूर राहील, असा लांब दांड्यांचा चिमटा वापरत. पकडलेला साप दूर नेऊन सोडत.

दुसरी गोष्ट भिंतीवर आहे. मीराबेन यांनी तिथे मातीतच ताडाची झाडे, मोर आणि चरखा अशी उठावाची चित्रे काढली आहेत. रंग नाही, सोनेरी वर्ख नाही. ज्या मातीची भिंत, त्याच मातीची चित्रे. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या त्या घरातही डोळ्यांना सुख देणारे काहीतरी हवे, असे कोणाला तरी वाटले. मला ती चित्रे फार आवडतात. साधी वस्तू म्हणजे ओबडधोबड वस्तू, असा आपला एक गैरसमज असतो. त्या भिंतीसमोर उभे राहिले, की तो जातो. इव्हान इलिच हे विचारवंत १९७८ मध्ये सेवाग्रामला आले होते. ते या कुटीत बराच वेळ नुसते बसून राहिले, आणि मग तिथल्या सभेत त्यांनी या घराविषयीच भाषण केले.

वर्ध्याचा तुमच्या शाळेशीही एक संबंध आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला एक शिक्षण परिषद भरली होती. मुलांनी पुस्तकाबरोबर हाताचे कामही शिकावे, या विचाराचा अभ्यासक्रम तयार करण्यासाठी तिथे एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे शेखुल जामिया, डॉ. झाकिर हुसेन. हेच पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. या शिक्षणाला 'नई तालीम' म्हणतात. त्या शाळांत मुले टकळीवर सूत कातत. सूत किती लांब निघाले, त्याचे वजन किती, अंक किती, असा हिशेब मुलेच करत. गणिताचा तास आणि टकळीचा तास वेगळा राहत नसे. आपण कातलेल्या सुतात गाठी किती आहेत, हे मुलाला बोटांनीच कळे. गुण देणाऱ्या मास्तरांची वाट पाहावी लागत नसे.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगनवाडीत 'मगन संग्रहालय' सुरू झाले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले. चरख्यांचे निरनिराळे प्रकार आणि ग्रामोद्योगाची साधने तिथे जपून ठेवली आहेत. मगनवाडीच्या परिसरातच आज ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी सरकारी संस्थाही आहे. वर्ध्याला जाणे झाले, तर एक दुपार या जागेसाठी ठेवा.

येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी वापरलेला एक पेटीचरखा त्यांनी फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्यांना भेट दिला होता. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा तो एक लाख दहा हजार पौंडांना विकला गेला. ज्याने घेतला, त्याने त्यावर सूत कातले की तो काचेच्या कपाटात ठेवला, कोण जाणे!

वर्ध्याच्या त्या वृद्ध गृहस्थांना मीही विचारले होते, "हा चरखा मला विकत द्याल का?" ते हसले. म्हणाले, "कातता येतं का तुम्हांला?" मी नाही म्हणालो. त्यांनी चात काढून कप्प्यात ठेवली, मूठ तिच्या जागी बसवली, पेटी मिटून कडी लावली. मग म्हणाले, "रविवारी या. पेळू मी देतो. सूत तुटायचं थांबलं, की मग किमतीचं बोलू."

मी चार रविवार गेलो. सूत अजून तुटते आहे.